मुक्तीनंतरच्या जमिनी: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जमीनधारक वस्त्यांचा इतिहास जपताना

दप्तरदार

जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, टेक्सास या भागांत राहणाऱ्या काही सदस्यांनी दुसऱ्या धाग्यावर विचारलं होतं, की शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या इतिहासाच्या कामाला हातभार लावायचा तर सुरुवात कुठून करायची. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

थोडी पार्श्वभूमी. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांच्या १६ जानेवारी १८६५ च्या विशेष आदेश क्रमांक १५ ने चार्ल्स्टनपासून फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची किनारपट्टी गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी द्यायचं ठरलं. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ते फिरवलं. पुढे लोकांनी जमीन मिळवली ती बहुतेक पै-पै जमवून, विकत घेऊन. १९१० च्या सुमारास कृष्णवर्णीयांच्या मालकीची शेतजमीन दीड कोटी एकरांच्या आसपास पोचली होती. १९२० च्या जनगणनेत कुळं धरून सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. त्यानंतर शतकभरात यातली बहुतेक जमीन हातची गेली.

आता मुद्दा. अशा वस्तीचा इतिहास जमवायला माणसं निघतात तेव्हा चर्च, गाणी, स्वयंपाक, जुने फोटो यांपासून सुरुवात करतात. माझं ठाम मत आहे की सुरुवात जमिनीच्या कागदापासून करावी. वंशावळ आणि मालकीची साखळी ही दोन कामं दिसतात दोन, पण आहेत एकच. पणजोबांना मुलं किती, कोण केव्हा वारलं, कोण शिकागोला निघून गेलं, हे शोधून ठेवलं की तो वस्तीचा इतिहासही होतो आणि उद्या कुणी कोर्टात खेचलं तर बचावही. वस्तीच उठली तर फोटोंचं प्रदर्शन भरवून काय करायचं?

कागद कोणत्या क्रमाने पाहावेत:

पहिला, चालू वर्षाचं मालमत्ता कराचं बिल. त्यावर पार्सल क्रमांक (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) असतो आणि नाव कुणाचं आहे ते कळतं. 'अमुक यांची इस्टेट' किंवा 'अमुक यांचे वारस' असं लिहिलेलं असेल, तर त्या माणसाच्या मृत्यूनंतर मालकीचा कागद झालेलाच नाही असं समजून चालावं.

मग काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टहाउसातली खरेदीखतांची सूची. ती दोन असतात, देणाऱ्याच्या नावाने आणि घेणाऱ्याच्या नावाने. आजच्या मालकापासून मागे जाताना घेणाऱ्याची सूची पाहायची. 'त्याने जमीन घेतली, पण पुढे विकली का' हे पाहायला देणाऱ्याची. तीन गोष्टी हमखास निसटतात. एक, अनेकांनी मिळून घेतलेल्या जमिनीत सूचीवर फक्त पहिल्याचं नाव येतं, बाकीचे 'व इतर'मध्ये गडप. दोन, खत झालं १८८० ला आणि नोंदवलं १९१५ ला, असं सर्रास होतं. म्हणून अपेक्षित वर्षापुढची तीसचाळीस वर्षं चाळायची. तीन, खरेदीखत नोंदवलेलंच नसतं, पण त्याच जमिनीवर काढलेल्या कर्जाचा गहाणदस्त नोंदवलेला असतो, कारण सावकार नोंद करायला विसरत नाही. त्या गहाणदस्तात चतुःसीमा पूर्ण सापडतात.

कोर्टहाउस जळलेलं असेल (दक्षिणेत अशा काउंट्या पुष्कळ) तर हात टेकू नयेत. कराच्या याद्या बऱ्याचदा राज्याच्या अभिलेखागारात वेगळ्या जपलेल्या असतात. जॉर्जियाच्या याद्यांत कृष्णवर्णीय करदात्यांची नावं स्वतंत्र लिहिलेली आहेत, आणि १८७० च्या दशकातल्या अनेक याद्यांत मजुराच्या नावासमोर त्याला कामावर ठेवणाऱ्याचंही नाव आहे. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९०१ मध्ये जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय जमीनधारकांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच कर-याद्यांवर उभा आहे. १८७४ मध्ये सव्वातीन लाख एकरांहून थोडी जास्त असलेली जमीन १८९९ पर्यंत दहा लाख एकरांवर गेली, हे त्यातूनच कळतं.

केतकी_का

उत्तम धागा. एक प्राथमिक शंका. तिकडे सातबारासारखं काही नसतं का? माणूस गेला की तलाठ्याकडे वारस नोंद होते, फेरफार पडतो, तसं?

कायदेकानू

केतकीताई, नेमका तिथेच सगळा घोळ आहे. नसतं. मालक मृत्युपत्र न करता गेला की मालकी कायद्याने वारसांकडे आपोआप जाते, पण सरकार स्वतःहून कुठेही नाव चढवत नाही. प्रोबेट कोर्टात (मृत्युपत्र आणि वारसा पाहणारं कोर्ट) कुणी प्रकरण दाखल केलं तरच कागद तयार होतो. ज्या काळात कोर्टाची पायरी चढणं कृष्णवर्णीयांना धोक्याचं आणि खर्चाचं होतं, त्या काळात पिढ्यान्‌पिढ्या ते झालंच नाही. अशा जमिनीला तिथे 'एअर्स प्रॉपर्टी' म्हणतात. आपल्याकडचं सामाईक खातं डोळ्यासमोर आणा, फक्त सातबाऱ्यावर नाव १९२० साली वारलेल्या माणसाचंच आहे असं समजा.

परिणाम असे. बँक कर्ज देत नाही. वादळात घर पडलं की सरकारी मदतीसाठी मालकी सिद्ध करता येत नाही. कत्रिना वादळानंतर हजारो कुटुंबं यात अडकली. फेमाने (केंद्राची आपत्ती-मदत संस्था) २०२१ मध्ये नियम सैल करून स्वयंघोषणा स्वीकारायला सुरुवात केली तेव्हा थोडा श्वास मिळाला. २०१८ च्या फार्म बिलाने (केंद्राचा शेतीविषयक कायदा) अशा जमिनीवर शेती करणाऱ्यांना पर्यायी कागदांवर फार्म नंबर मिळण्याची सोय केली. त्या नंबराशिवाय कृषी खात्याच्या बऱ्याच योजना लागू होत नाहीत.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे वाटपाचा दावा. दूरच्या शहरातल्या एखाद्या वारसाला, ज्याने ती जमीन पाहिलेलीही नसते, बाहेरचा माणूस गाठतो आणि त्याचा छोटा अविभक्त हिस्सा विकत घेतो. आता तो सहमालक झाला. सहमालक कोर्टात वाटप मागू शकतो. कोर्ट म्हणतं, इतक्या लोकांत तुकडे पाडता येत नाहीत, सबब सगळी जमीन लिलावात काढा. लिलावात रोख बोली कोण लावणार? तोच.

यावर २०१० मध्ये एक नमुना कायदा तयार झाला, 'युनिफॉर्म पार्टिशन ऑफ एअर्स प्रॉपर्टी ॲक्ट'. प्रत्येक राज्याने तो स्वतंत्र मंजूर करायचा असतो. जॉर्जियात १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला, साउथ कॅरोलायनाने २०१६ मध्ये, टेक्सासने २०१७ मध्ये मंजूर केला. त्यात आधी जमिनीचं बाजारमूल्य ठरवलं जातं. मग विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी बाकीच्या हिस्सेदारांना. नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत होय म्हणायचं, आणि पैसे भरायला कोर्ट त्यापुढे किमान ६० दिवस देतं. तेही नाही जमलं तर प्रत्यक्ष वाटपाला प्राधान्य, आणि ते ठरवताना जमिनीशी असलेलं पिढीजात नातं कोर्टाने विचारात घ्यायचं असतं.

दप्तरदारांच्या म्हणण्याला माझा दुजोरा इथे आहे. 'पिढीजात नातं' कोर्टात तोंडी सांगून भागत नाही. १८८० च्या जनगणनेतली नोंद, कराच्या पावत्या, दफनभूमीतली नावं, चर्चची नोंदवही हे सगळं पुरावा म्हणून ठेवता येतं. चार्ल्स्टनमधलं सेंटर फॉर एअर्स प्रॉपर्टी प्रिझर्व्हेशन २००५ पासून हेच काम करतंय.

शंकूसाखळी

खत सापडल्यावर ते जमिनीवर कसं उतरवायचं, त्याबद्दल.

जुनी खतं खुंटापासून खुंटापर्यंत दिशा आणि अंतर देतात: 'अमुक ओकपासून उत्तर ४२ अंश पूर्व, १२ चेन'. एक चेन ६६ फूट, तिच्या शंभर कड्या. दहा चौरस चेन म्हणजे एक एकर. आपल्या मंडळींना सोपं जावं म्हणून: गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, ही तिची नेमकी निम्मी साखळी. तेव्हा एक चौरस चेन म्हणजे बरोबर चार गुंठे. काही खतांत 'पोल' किंवा 'रॉड' येतो, तो साडेसोळा फूट, म्हणजे चेनचा पाव. टेक्सासमध्ये स्पॅनिश 'वारा' येतो, ३३ पूर्णांक १/३ इंचांचा. लुइझियानात आर्पां, लांबीला साधारण १९२ फूट.

क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये एकेक ओळ घालत गेलं की आकृती उमटते. शेवटचं टोक पहिल्या खुंटाला येऊन मिळालं पाहिजे. मिळत नसेल तर संशय या क्रमाने घ्यावा: नकलनविसाने उत्तर-दक्षिण उलटं लिहिलं का, मधली एक ओळ गळली का (एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळींत हे फार होतं), पोल आणि चेन यांची गल्लत झाली का. त्याच जमिनीचं आधीचं किंवा नंतरचं खत शेजारी ठेवलं की बहुतेक चुका उघड होतात. शेजाऱ्याचं खतही काढावं, त्याची एक बाजू हीच असते.

दुसरी अडचण चुंबकीय उत्तरेची. १८७५ चा होकायंत्रातला अंश आजच्या नकाशावर जसाच्या तसा बसत नाही, कारण चुंबकीय उत्तर सरकते. नोआच्या (अमेरिकेची सागर आणि हवामान संस्था) संकेतस्थळावर जुन्या वर्षांचं विचलन काढायची सोय आहे. वर्ष आणि ठिकाण घालून तेवढ्या अंशांनी आख्खी आकृती फिरवायची. मात्र मोजणीचं वर्ष घ्यायचं, खताचं नव्हे. १९०५ च्या खतात १८६० ची मोजणी उतरवून घेतलेली असू शकते.

समुद्रकाठच्या बेटांवर एक बाजू खाडी किंवा खारफुटीचा दलदली पट्टा असते. ती सरकलेली असते. तिथे कोरड्या जमिनीवरचे कोपरे पक्के धरायचे आणि ओली बाजू तुटक रेषेने दाखवायची. ठळक रेष मारून उगाच खात्री दाखवू नये.

जुन्या हवाई छायाचित्रांसारखा दुसरा सोबती नाही. कृषी खात्याने १९३० च्या दशकापासून बहुतेक काउंट्यांची काढली आहेत. त्यात कुंपणं, पाऊलवाटा, घराभोवतीची झाडलोट केलेली अंगणं दिसतात. शहरांचे तपशीलवार विमा-नकाशे प्रसिद्ध आहेत, पण अशा ग्रामीण वस्त्या त्यांत नाहीतच, तिथे वेळ घालवू नका.

टेक्सासकर

टेक्सासपुरती भर. तिथे प्रत्येक खत मूळ अनुदान मिळालेल्याच्या नावाच्या 'सर्व्हे'शी आणि काउंटीतल्या ॲब्स्ट्रॅक्ट क्रमांकाशी बांधलेलं असतं. तो क्रमांक मिळाला की राज्याच्या जनरल लँड ऑफिसच्या नकाशावर वस्ती अंदाजे कुठे होती ते लगेच कळतं. मुक्तीनंतर (१९ जून १८६५) उभ्या राहिलेल्या अशा वस्त्यांना टेक्सासमध्ये 'फ्रीडम कॉलनी' म्हणतात. डॉ. आंद्रेया रॉबर्ट्स यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने ५५७ वस्त्यांची यादी केली आहे. यातल्या कित्येक आज नकाशावर नाहीत. चर्च, दफनभूमी आणि वर्षातून एकदा जमणारी माणसं, एवढंच उरलंय. म्हणून गावाची हद्द शोधत बसू नये. चर्च, शाळा, दफनभूमी आणि ओढा ओलांडायची जागा, ही चार ठिकाणं बसवली की वस्ती सापडते.

शाळेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते बहुतेक जण सोडून देतात. १९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास पाच हजार रोझेनवाल्ड शाळा झाल्या, उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या मदतीने. रोझेनवाल्ड फंडाचा पैसा एका वाट्याचा, उरलेला सरकारी आणि खुद्द वस्तीचा. वस्तीने वर्गणी दिली, मजुरी दिली, आणि पुष्कळदा जमीनही. ते दानपत्र काउंटीत नोंदवलेलं असतं आणि त्यात देणाऱ्याचं, विश्वस्तांचं, शेजाऱ्यांचं नाव येतं. त्यातली अट नीट वाचा. 'शाळेसाठी वापर होईल तोवर' असं असेल तर शाळा बंद झाल्यावर जमीन मूळ कुटुंबाकडे परत यायला हवी होती. ती आली का, की शाळा मंडळाने परस्पर विकली? अनेक वस्त्यांच्या इतिहासातलं हरवलेलं पान इथे सापडतं. शाळेचे फोटो आणि खर्चाचा तपशील फिस्क विद्यापीठाच्या रोझेनवाल्ड संग्रहात शोधता येतो.

बे_एके_बे

हिस्से कसे काढायचे याचं एक उदाहरण देते, कारण हे तोंडी समजत नाही.

'अ' यांची ४० एकर जमीन. पत्नी आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही, मुलं पाच. प्रत्येकी १/५. त्यांतला एक अविवाहित, निपुत्रिक गेला. त्याचा १/५ उरलेल्या चौघांत, प्रत्येकी १/२० वाढून १/४. त्या चौघांतल्या 'क' ला सहा मुलं आणि नवरा आधी वारलेला, म्हणून प्रत्येकी १/२४. त्या सहांतल्या एकाला तीन मुलं, प्रत्येकी १/७२. चाळीस एकरांचा १/७२ म्हणजे सुमारे २२ गुंठे. पण त्याच्या वाट्याला कुठलेही ठरावीक २२ गुंठे येत नाहीत. सगळ्या चाळीस एकरांत त्याचा १/७२ वाटा असतो, आणि तेवढ्यावर तो वाटपाचा दावा लावू शकतो. कायदेकानू यांनी वर लिहिलेला दूरच्या शहरातला वारस तो हाच.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक माणसाला एक ओळ. रकाने: क्रमांक, नाव, आई-वडिलांचा क्रमांक, जन्म, मृत्यूची तारीख, मृत्यूच्या वेळी पती-पत्नी हयात होते का, मृत्युपत्र, हिस्सा अपूर्णांकात, पुरावा कोणता. दशांशात लिहू नका. पूर्णांकन करता करता बेरीज बिघडते. हयात वारसांच्या हिश्शांची बेरीज बरोबर १ आली पाहिजे. नाही आली तर कुणीतरी राहिलंय किंवा दोनदा आलंय. एकाच बाईचं माहेरचं आणि सासरचं नाव दोन ओळींत असणं हे नेहमीचं कारण.

मृत्यूंचा क्रम महत्त्वाचा. मुलगा बापाच्या आधी गेला की नंतर, यावर हिस्सा त्याच्या बायकोकडे जाईल की थेट त्याच्या मुलांकडे, हे बदलू शकतं. आणि ज्या वर्षी माणूस वारला त्या वर्षीचा त्या राज्याचा कायदा लागतो, आजचा नाही. दत्तक मुलं धरायची, सावत्र मुलं धरायची नाहीत. लग्नाबाहेरच्या मुलांचा प्रश्न वकिलावर सोडावा, पण नाव तक्त्यातून वगळू नये.

दप्तरदार

बेएकेबे, हा तक्ता फार कामाचा. त्यासाठी नावं कुठून आणायची ते लिहितो.

१८५० आणि १८६० च्या गुलामांच्या जनगणनेत नावंच नाहीत, मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढंच. म्हणून १८७० ही बहुतेक कुटुंबांची पहिली नावानिशी नोंद. तीत स्थावर मालमत्तेच्या किमतीचा रकाना आहे, त्यात आकडा दिसला की त्या घराने पाच वर्षांत जमीन घेतली होती असा धागा मिळतो. १८८० मध्ये तो रकाना नाही, पण कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं आहे, आणि त्याच वर्षीच्या शेतीच्या स्वतंत्र तक्त्यात मालक, खंडकरी की वाटेकरी हे येतं. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळपास सगळी गेली. १९०० पासून घर किंवा शेत स्वतःचं की भाड्याचं, गहाण आहे की मोकळं, हे रकाने आहेत. सर्वांत अलीकडची खुली जनगणना १९५० ची, २०२२ मध्ये उघडली.

१८७० च्या मागे जायला फ्रीडमेन्स ब्यूरो या मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे कागद (१८६५ ते १८७२) आणि फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेची खाती (१८६५ ते १८७४) पाहावीत. ब्यूरोचे कागद फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत, चकटफू. बँकेच्या नोंदवहीत खातेदाराला भावंडांची, आई-वडिलांची, जुन्या मालकाची नावं विचारलेली असत. एक घट्ट गैरसमज मोडायला हवा: आडनाव शेवटच्या मालकाचंच असतं असं धरून शोधू नये. अनेकांनी आधीच्या मालकाचं, वडिलांचं किंवा स्वतः निवडलेलं आडनाव लावलं.

आणि फ्युनरल प्रोग्रॅम. कृष्णवर्णीय चर्चमध्ये अंत्यविधीला छापील पत्रिका वाटतात. त्यात जन्मगाव, आई-वडील, मागे राहिलेले सगळे नातेवाईक आणि ते कोणत्या शहरात आहेत हे असतं. घराघरांत बायबलमध्ये, खोक्यांत अशा पत्रिकांचे गठ्ठे असतात. वारसांचा पत्ता लागायला याच्यासारखा कागद नाही.

निशिगंध_ग्रंथालय

त्या गठ्ठ्यांचं काय करायचं ते मी सांगते. मूळ कागद उचलून संस्थेत न्यायची सवय सोडावी. चर्चच्या हॉलमध्ये किंवा वार्षिक मेळाव्यात स्कॅनर घेऊन जायचं, तिथेच स्कॅन करायचं आणि कागद त्याच दिवशी घरी परत. प्रतींचा एक संच कुटुंबाला, एक वस्तीच्या समितीला.

फोटो ६०० डीपीआय, अगदी छोटे असतील तर १२००. कागदपत्रं ४००. जतनाची प्रत टिफमध्ये, वाटायची जेपेगमध्ये. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची, नावं तिथेच असतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. मेण नसलेला दातांचा दोरा मागून हळूहळू सरकवत सोडवा, नाही सुटला तर पानासकट स्कॅन करा. जाडजूड बायबल पूर्ण उघडून काचेवर दाबलं की पाठीची शिवण तुटते. ते दोन उशांवर नव्वद अंशांत ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपायचं. पीव्हीसीचे प्लॅस्टिक कव्हर नको, पत्रिकांची छपाई त्याला चिकटून येते. पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टर चालतं. अलीकडच्या कर-पावत्या थर्मल कागदावर असतील तर आजच छायाप्रत काढा, काही वर्षांत कोऱ्या होतात.

फाइलला नाव देताना पार्सल क्रमांक आधी घ्या, मग कुटुंब, वर्ष, अनुक्रम. मग दहा वर्षांनी जमिनीवरून कागद सापडतो.

ध्वनिलहरी

मुलाखती: ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी जातो. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर. फ्रीज आणि एसी बंद, आणि फ्रीज परत सुरू करायचं लक्षात राहावं म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, ही ध्वनिमुद्रकांची जुनी युक्ती आहे.

'तुमची कहाणी सांगा' असं विचारलं की ठरीव उत्तरं येतात. शंकूसाखळींनी सांगितलेलं १९३०-४० चं हवाई छायाचित्र मोठं छापून टेबलावर पसरा, वर पारदर्शक फिल्म, हातात मार्कर. 'ह्या घरात कोण? विहीर कुठे? कर भरायला कोण जायचं? कुंपणाचा वाद कुणाशी होता?' आजी-आजोबांची बोटं नकाशावर फिरायला लागली की माणसं, नाती, वाटा सगळं बाहेर येतं. रेकॉर्डिंगमध्ये 'इथे' म्हणाले की लगेच आपण मोठ्याने म्हणायचं, 'ओढ्याच्या उत्तरेला, चर्चच्या मागे', नाहीतर ऐकणाऱ्याला 'इथे' म्हणजे कुठे ते कधीच कळणार नाही.

रानवाटा

दफनभूमी. आधी हातातली कुऱ्हाड खाली ठेवा. कोरलेला दगड नसला म्हणजे थडगं नाही असं नसतं. साधा रानदगड, शंख-शिंपले, फुटकी कपबशी, घड्याळ, दिवा, घरी ओतलेलं काँक्रीट, युक्काची रोपं, सीडर ही सगळी थडग्यांची चिन्हं आहेत. 'कचरा' म्हणून साफसफाईत ती उचलली गेली की थडग्याचा शेवटचा पुरावा गेला. हिवाळ्यात, पानं झडल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात पूर्व-पश्चिम लांबट खळगे दिसतात. प्रत्येकाला छोटा झेंडा, क्रमांक, फोटो, जीपीएस. रॅडारने तपासणी वाळूत चांगली होते, खाऱ्या ओल्या मातीत किंवा चिकणमातीत जवळजवळ निरुपयोगी.

दगड धुताना ब्लीच, तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर पूर्ण वर्ज्य. दगड हलत असेल, पापुद्रे सुटत असतील तर हातच लावायचा नाही. नाहीतर भरपूर पाणी, डी-टू हे जैविक द्रावण, दहा-पंधरा मिनिटं थांबून मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर घासायचं. वरून घासलं तर घाण ओघळून कोरड्या भागावर रेघा उठतात.

टेक्सासमध्ये दफनभूमीला राज्याच्या ऐतिहासिक आयोगाकडून 'हिस्टॉरिक टेक्सास सेमेटरी' हा दर्जा घेता येतो आणि तो काउंटीच्या खतांमध्ये नोंदवला जातो. पुढचा खरेदीदार मला माहीत नव्हतं म्हणू शकत नाही. एकदा दफनभूमीची हद्द नोंदवली की आजूबाजूच्या जमिनीचा इतिहासही त्या खताला लटकतो.

टेक्सासकर

इथे एक मतभेद नोंदवतो. सगळं ऑनलाइन खुलं टाकावं असं बऱ्याच जणांना वाटतं. विसरलेल्या वस्तीला दृश्यता मिळायला ते हवंच. नकाशावर नाव नाही म्हणून रस्ता थेट दफनभूमीवरून आखला जातो, अशी परिस्थिती असते.

कायदेकानू

वस्तीचं नाव, चर्च, शाळा, दफनभूमीची हद्द खुली असावी, मान्य. पण बेएकेबे यांचा हिस्सेदारांचा तक्ता चुकूनही नाही. हयात वारसांची नावं, शहरं आणि हिस्से एका पानावर मांडणं म्हणजे जमीन गिळायला बसलेल्याच्या हाती आयती यादी देणं. मृतांची वंशावळ प्रसिद्ध करा. हयातांची फाइल कुटुंबाने नेमलेल्या दोघा-तिघांकडे आणि वकिलाकडे. मुलाखतीत कुणी 'अमक्याला पैशांची नड आहे, तो विकेल' असं बोलून गेलं, तर तो भाग बंद ठेवायचा अधिकार संमतीपत्रात आधीच लिहून घ्या.

टेक्सासकर

हे पटलं. दोन थर ठेवले तर दोन्ही साधतं.

किनारा

धागा वाचून सीआयलंड्सबद्दल (साउथ कॅरोलायना, जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतची बेटं) लिहायचा मोह आवरत नाही, कारण तिथे जमीन मिळण्याचे दोन मार्ग शेजारी शेजारी दिसतात आणि शोधणारे त्यांची सरमिसळ करतात.

साउथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना आणि ब्यूफर्ट परिसरात युद्ध चालू असतानाच, १८६३ पासून, केंद्राचा कर थकवलेल्या मळेवाल्यांच्या जमिनी कर आयोगाने लिलावात काढल्या. काही भाग मुक्त कुटुंबांसाठी राखून एकरी दीड डॉलरने विकला. शर्मनच्या आदेशाखालची ताबापत्रं रद्द झाली, पण ही कर-विक्रीची मालकी टिकली. गुलामगिरीतून निसटून पुढे काँग्रेसचे सदस्य झालेले रॉबर्ट स्मॉल्स यांनी याच मार्गाने, त्यांना गुलाम ठेवणाऱ्या मालकाचं एकेकाळचं ब्यूफर्टमधलं घर घेतलं होतं. त्यावर दावा लागला आणि १८७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल स्मॉल्स यांच्या बाजूने दिला. म्हणून त्या भागातलं पहिलं खत काउंटीत सापडत नसेल, तर राष्ट्रीय अभिलेखागारातले कर आयोगाचे कागद मागवावेत. सेंट हेलेनावर १९९९ पासून सांस्कृतिक संरक्षणाचा विभागही आहे: गोल्फचं मैदान, फाटकबंद वसाहत, रिसॉर्ट यांना मनाई.

जॉर्जियातल्या सापेलो बेटाचं वेगळं. १८७१ मध्ये तीन मुक्त पुरुषांनी कंपनी स्थापून रकून ब्लफ इथे सुमारे हजार एकर विकत घेतले. विसाव्या शतकाच्या मध्याला तंबाखू उद्योगातल्या धनाढ्य मालकाने बेटावरच्या वस्त्या एकेक करून हॉग हॅमॉकमध्ये एकवटल्या. आज बेटावर उरलेली गुल्ला गीची (या किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज) वस्ती तेवढीच, १९९६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत आहे. पण त्या नोंदीने कर वाढणं थांबलं नाही, आणि २०२३ मध्ये काउंटीने घराच्या आकाराची मर्यादा १४०० वरून ३००० चौरस फुटांवर नेली, तीही थांबली नाही. राष्ट्रीय नोंदवहीतलं नाव मानाचं आहे, खासगी मालकाला किंवा काउंटीला ते काही करण्यापासून अडवत नाही. अडवते ती स्थानिक झोनिंगची (कुठे काय बांधता येईल या नियमांची) तरतूद. तेव्हा वस्तीच्या नोंदी करताना काउंटीच्या नियोजन समितीच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका दर महिन्याला पाहणं हेही कामात धरा.

केतकी_का

खूप स्पष्ट झालं. एकच विचारते. एखाद्या कुटुंबाकडे आज काहीच नाही, ना खत, ना तक्ता. पहिल्या आठवड्यात काय करावं?

कायदेकानू

कर थकलाय का ते पाहावं, सगळ्यात आधी. वाटपाच्या दाव्यापेक्षा कर-लिलावात जमीन जास्त मुकाट्याने जाते, कारण बिल मेलेल्या माणसाच्या नावाने जुन्या पत्त्यावर जातं आणि परत येतं. काउंटीच्या कर कार्यालयात पार्सल क्रमांक देऊन थकबाकी विचारायची, आणि बिल हयात माणसाच्या 'मार्फत' पाठवायला पत्ता बदलून घ्यायचा. त्याने मालकी बदलत नाही, फक्त नोटीस हातात पडते. लिलाव आधीच झाला असेल तर जॉर्जियात सोडवून घ्यायला किमान १२ महिने मिळतात, साउथ कॅरोलायनात एक वर्ष. कर कुणी भरला त्याची पावती नावानिशी ठेवायची, पुढे हिस्सेदारांत हिशोब होतो तेव्हा लागते. एवढं झालं की मग घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे ध्वनिलहरींचा माइक घेऊन बसा, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला निदान स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करायला सांगा.

शंकूसाखळी

आणि कोपऱ्याचे जुने खुंट, लोखंडी सळया, खुणेची झाडं यांचे जीपीएस टिपून फोटो काढून ठेवा. शेजारच्या जमिनीवर बुलडोझर आला की सगळ्यात आधी तेच जातात.

दप्तरदार

१८८० च्या शेतीच्या तक्त्याबद्दल एक राहिलं: तीन एकरांपेक्षा लहान आणि वर्षाला ५०० डॉलरपेक्षा कमी माल विकणारी शेतं त्यात नाहीत. नाव सापडलं नाही म्हणजे जमीन नव्हती असा निष्कर्ष काढू नका, त्याच वर्षाची कर-यादी पाहा.